वर्षाच्या बेगमीसाठी शेंगा की दाणे?

खरिपाच्या भुईमुगाची काढणी आटोपली की वर्षभरासाठी शेंगा भरून ठेवाव्यात की थेट दाणे, असा प्रश्न सांगली परिसरातील अनेक घरांपुढे असतो. आम्ही दोन्ही पद्धती अनुभवल्या आहेत. सोयीचा विचार केला तर दाणे सरस आहेत, हे मान्य करायला हवे. गणपती पेठेतून आणून, ऊन दाखवून डब्यात भरले की काम संपते. शेंगांना मात्र जागा लागते, उंदरांपासून राखण करावी लागते आणि कूट हवे असले की आधी फोडत बसावे लागते.

तरीही आमच्या घरी दाण्यांची साठवण बंद झाली ती निवडण्याच्या जाचामुळे. कृष्णाकाठच्या पावसाळी हवेत डबा उघडला की दमटपणा आत शिरतो आणि फुटलेल्या, साल निघालेल्या दाण्यांना बुरशी लवकर धरते. ताटात घेऊन कितीही बारकाईने निवडले, तरी एखादा काळपट दाणा नजरेतून सुटतो, कुटात मिसळतो आणि मग सगळी चटणी कडवट लागते. चवीचे एक वेळ सोडून देता येईल; परंतु अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीपासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असते आणि दाणे भाजल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. या विषाचा शोधच मुळी 1960 साली इंग्लंडमध्ये शेंगदाण्याची पेंड खाऊन लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावल्यानंतर लागला.

शेंग फोडताना प्रत्येक दाणा बोटांखालून जातो. टरफलाच्या आतल्या बाजूला काळे डाग किंवा हिरवट भुकटी दिसली, दाणा सुरकुतलेला निघाला, की ती शेंग तिथल्या तिथे बाजूला काढता येते. शेंगांनाही शेतातच बुरशी लागू शकते, विशेषतः काढणीच्या सुमारास पाण्याचा ताण पडला किंवा किडीने टरफल पोखरले तर. म्हणून त्या निर्धोकच असतात असे मी म्हणणार नाही. दाण्यातील ओलावा सुमारे 8 टक्क्यांपेक्षा कमी असावा असे सांगतात. आमच्याकडे तो मोजण्याचे साधन नाही, परंतु कानाजवळ हलवल्यावर आतला दाणा खुळखुळेपर्यंत वाळवलेल्या आणि तरटाच्या पोत्यात, भिंतीपासून दूर फळीवर ठेवलेल्या शेंगा आमच्याकडे पावसाळाभर चांगल्या राहिल्या आहेत.

घर लहान असेल आणि माणसे दोनच असतील, तर महिन्यापुरते दाणे आणून घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रीजमध्ये ठेवणे कदाचित अधिक व्यवहार्य ठरेल. वर्षाची बेगमी करायची असल्यास मात्र शेंगाच घ्याव्यात आणि एका वेळी आठवड्याला पुरतील एवढ्याच फोडाव्यात, असे मला वाटते.