वादळाचा क्लेम: दुकान-गोदामाच्या विमा पॉलिसीचा आठ महिन्यांचा अनुभव

पॉलिसी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’. एका ठिकाणची विमायोग्य मालमत्ता एकूण 5 कोटींपर्यंत असलेल्या धंद्यांसाठी एप्रिल 2021पासून मिळते. गोव्यात म्हापशातलं दुकान आणि मागचं पत्र्याचं गोदाम तिच्यात आहे. मेमधल्या वादळाचा क्लेम मिटायला आठ महिने लागले. पॉलिसी घेण्यासारखी आहे, पण क्लेमचं भवितव्य पहिल्या दोन दिवसांत ठरतं.

वादळ, पूर, इमारतीवर कोसळलेलं झाड हे सगळं पॉलिसीत बसतं. नुसत्या पावसाने छप्पर गळून माल भिजला, तर बसत नाही. म्हणूनच सर्व्हेअर (नुकसान तपासायला कंपनीने नेमलेला माणूस) आधी विचारतो, पाणी आत आलं कुठून? उत्तर पत्रा घट्ट धरणाऱ्या हुक-बोल्टच्या भोकात असतं. वाऱ्याने पत्रा ओढला की भोक लांबट फाटतं आणि कड चकचकीत दिसते. आधीच सडलेल्या पत्र्याची कड तपकिरी, भुगा होणारी. आपल्या खाऱ्या हवेत चकचकीत कडही लवकर तांबूस होते, मग ‘जुनी झीज’ हा शेरा खोडून काढणं कठीण. त्याच दिवशी शेजारी मोजपट्टी धरून जवळून फोटो काढा. कौलारू छप्पर असेल तर कौलांखालच्या तुटलेल्या लाकडी रिपांचेही. पावसाळ्याआधीच्या डागडुजीचं बिल इथे सोन्यासारखं उपयोगी पडतं.

विमा कंपनीला फोन केलात तरी ईमेलही पाठवा आणि क्लेम नंबर घ्या. ताडपत्री लगेच टाका, कारण नुकसान वाढू न देणं ही आपलीच जबाबदारी असते. भिजलेला माल मात्र सर्व्हेअरने मोजेपर्यंत फेकू नका. झाड पडलं असेल तर अग्निशामक दलाचा अहवाल, शिवाय तलाठ्याचा पंचनामा आणि पणजीतल्या आल्तिनोच्या हवामान कार्यालयाकडून त्या दिवशीच्या वाऱ्याची नोंद मागून ठेवा.

पैसे सर्वात जास्त कापले जातात ते कमी विम्यामुळे. माल 20 लाखांचा आणि विमा 12 लाखांचा असेल, तर 4 लाखांच्या नुकसानीला 2.4 लाखच धरतात, त्यातूनही अनिवार्य कपात (प्रत्येक क्लेममधला आपण सोसायचा वाटा) वेगळी. 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्यापुढची नाही. चतुर्थी-दिवाळीसाठी माल भरता तेव्हा रक्कम वाढवून घ्या.

मालाची किंमत खरेदीभावाने धरतात, नफा मिळत नाही. नष्ट झालेल्या मालावरचं जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची घेतलेली वजावट) सरकारला परत करावं लागतं. ती रक्कम क्लेममध्ये मागायची आणि क्रेडिट परत केल्याची नोंद जोडायची. बरेच जण हे विसरतात. वीज गेल्याने फ्रीजरमधलं मासळी-आइस्क्रीम खराब झालं, तर त्याला वेगळं कव्हर लागतं.

सर्व्हेअरने छपरावर घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, लावला होता. इमारतीला नव्याने उभारणीचा खर्च देय असल्याचं कलम दाखवून, दुरुस्तीची बिलं जोडून लेखी हरकत घेतल्यावर तो घसारा रद्द झाला. सर्व्हे अहवालाची प्रत मागायचा आपल्याला हक्क आहे. ती वाचल्याशिवाय ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या व्हाउचरवर सही करू नका.

तरीही अडलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार. महिनाभरात निकाल लागला नाही किंवा पटला नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. गोव्यासाठी पुण्याचं कार्यालय आहे. एकल मालकी आणि सूक्ष्म उद्योगांना 50 लाखांपर्यंत तिथे फी न भरता दाद मागता येते.