क्यूस्पिन: लॅपटॉपवर क्वांटम केऑस बघायचाय त्यांच्यासाठी

क्वांटम केऑस (म्हणजे केऑसचा क्वांटम अवतार, तो एनर्जी लेव्हलच्या मांडणीत दिसतो) म्हटलं की पोरं थेट एसवायके मॉडेलवर (सचदेव-ये-किताएव्ह, सगळे कण एकमेकांशी रँडम ताकदीने जोडलेले) उडी मारतात, ब्लॅक होलशी नातं वगैरे ऐकलेलं असतं ना, मग रँडम कपलिंगचे अ‍ॅव्हरेज काढता काढता सेमिस्टर संपतं आणि हाती काही लागत नाही. माझं ऐकाल तर आधी क्यूस्पिन टाका आणि साधी आयसिंग साखळी घ्या, म्हणजे एका ओळीत मांडलेले स्पिन (छोटे क्वांटम चुंबक), शेजारी शेजाऱ्याशी जोडलेला. पायथनचं पॅकेज आहे, फुकट, ओपन सोर्स, वाइनबर्ग आणि बुकोव्ह यांचा त्यावरचा पेपर २०१७ मध्ये आला.

मॉडेल द्यायचं म्हणजे तीन टर्मची यादी लिहायची, बस. शेजारच्या स्पिनचं झेड-झेड कपलिंग १, एक्स दिशेचं फील्ड ०.९०४५, झेड दिशेचं ०.८०९०. हे आकडे किम आणि ह्यूज यांच्या २०१३ च्या पेपरातले, केऑटिक वागणूक छान दाखवतात. झेडचं फील्ड शून्य केलं की तीच साखळी फ्री फर्मिऑनमध्ये (एकमेकांवर परिणाम न करणाऱ्या कणांमध्ये) अचूक सुटते आणि केऑस गायब! एक आकडा बदलून हा फरक दिसतो, म्हणून तर हे मॉडेल आवडतं.

मोजायचं काय, तर लागोपाठच्या दोन एनर्जी गॅपचं गुणोत्तर आर (लहान भागिले मोठी), त्याचं फंक्शनही पॅकेजमध्ये तयार आहे. केऑटिक असेल तर सरासरी ०.५३ च्या जवळ, पॉयसन (लेव्हल एकमेकींशी संबंध नसल्यासारख्या विखुरलेल्या, म्हणजे केऑस नाही) असेल तर ०.३९. स्पेक्ट्रमच्या दोन्ही टोकांच्या लेव्हल टाकून द्या, मधल्याच घ्या.

आता खरी गोची. साखळी उलटी केली तरी तशीच दिसते, म्हणजे रिफ्लेक्शन सिमेट्री आहे. बेसिस (स्टेटची यादी) बनवताना पीब्लॉक, म्हणजे ही सिमेट्री सांगायचा पर्याय, दिला नाही तर दोन्ही सेक्टरच्या (उलटल्यावर चिन्ह न बदलणारा इव्हन, बदलणारा ऑड) लेव्हल एकमेकांत मिसळतात आणि आर येतो ०.४२ च्या आसपास, मग माणूस डोकं धरून बसतो की केऑस गेला कुठे. पॅकेज सिमेट्री चेक करतं, 'पास' असंही छापतं, पण तुम्ही सांगितलेल्याच सिमेट्रीचं. विसरलेल्या सिमेट्रीबद्दल चकार शब्द नाही. ते पॅकेजचं कामही नाही म्हणा, पण नवख्यासाठी डॉक्युमेंटेशनमध्ये हे ठळक हवं होतं, म्हणून एक स्टार कापला, ५ पैकी ४.

साइजचं म्हणाल तर १४ स्पिनला इव्हन सेक्टर ८२५६ स्टेटचा, साध्या लॅपटॉपवर चहा होईपर्यंत निघतो. १६ ला तोच ३२८९६ होतो, नुसती मॅट्रिक्सच साडेआठ जीबीच्या वर, तिथे ८ जीबी रॅमवाल्यांनी नाद सोडावा. टाइम इव्होल्यूशन बघायचं असेल तर पूर्ण डायगोनलायझेशन (मॅट्रिक्समधून सगळ्या लेव्हल काढणं) लागत नाही, त्यामुळे अजून थोडं पुढे जाता येतं. पन्नास-शंभर स्पिन हवेत म्हणून टेन्सर नेटवर्ककडे (मोठी क्वांटम स्टेट छोट्या तुकड्यांत साठवायची पद्धत) वळणार असाल तर आधीच सांगतो, केऑटिक साखळीत एंटँगलमेंट (स्पिनमधली क्वांटम गुंतागुंत) इतकं भराभर वाढतं की थोड्याच वेळात तेही हात टेकतं.