सॉसेज-बटाटा सूप पुण्यात करायचं, तर सॉसेज कोणतं घ्यायचं?

इटालियन पद्धतीचं दाटसर सॉसेज-बटाटा सूप घरी करायचं ठरवलं की गाडी पहिल्यांदा अडते ती सॉसेजपाशी. बटाटे, कांदे, लसूण, क्रीम हे सगळं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. पण या सुपाला लागणारं सॉसेज म्हणजे जाडसर दळलेलं, चरबीसकटचं, कच्चं डुकराचं मांस, आणि त्यात बडीशेप, लसूण, मिरची. आपल्याकडे फ्रीझरमध्ये सॉसेज म्हणून जे पाकीट मिळतं, ते बहुतेक वेळा गुळगुळीत वाटलेलं आणि आधीच शिजवलेलं असतं. माझं मत आधीच सांगून टाकते: पाकीट राहू द्या, खिमा आणा आणि त्याला घरी मसाला लावा. ज्यांना ते शक्य नाही त्यांच्यासाठी दुसरे रस्तेही आहेत, आणि त्यातला एक तर मला फार आवडतो.

आधी हे सूप नेमकं कुठलं ते पाहू, कारण त्यावर पुढचे बरेच निर्णय अवलंबून आहेत. क्रीम, बटाटा, सॉसेज आणि केल या कोबीच्या कुळातल्या पालेभाजीची पानं असलेलं ‘झुप्पा तोस्काना’ जगभर पोचलं ते अमेरिकेतल्या ऑलिव्ह गार्डन या रेस्टॉरंटांच्या साखळीमुळे. खुद्द इटलीतल्या टस्कनी भागात घरोघरी जी सुपं होतात त्यांत पांढरा घेवडा, काळपट हिरवी केल, शिळा पाव आणि वरून ऑलिव्ह तेल असतं, क्रीम नसतं. म्हणजे आपण करतो आहोत ते इटालियन वळणाचं अमेरिकी सूप. ते चवीला उत्तम आहे, त्यामुळे त्यात कमीपणा काही नाही. फक्त त्याची चव दोन गोष्टींवर उभी आहे हे लक्षात ठेवायचं: खरपूस परतलेल्या मांसाची सुटलेली चरबी आणि बडीशेप. या दोन्ही असल्या तर बाकी तडजोडी चालतात.

आता तयार चिकन सॉसेज. सोय म्हणाल तर याच्यासारखी नाही. डेअरीपासून सुपरमार्केटपर्यंत सगळीकडे मिळतं, मुलं आवडीने खातात, दहा मिनिटांत काम होतं. पण पाकीट उलटून घटक वाचा. मांसाबरोबर पाणी, स्टार्च, सोया प्रथिनं अशी यादी अनेकदा दिसते. हे सॉसेज कढईत टाकलं की मोकळं होत नाही, चकत्या चकत्याच राहतात. त्याला चरबी फारशी सुटत नाही, त्यामुळे कांदा परतायला वेगळं बटर लागतं. आणि त्याचा धुरकट, हॉटडॉगसारखा वास सुपात वरचढ ठरतो. तरीही तेच वापरायचं असेल तर चकत्या बटरवर दोन्ही बाजूंनी लाल करून बाजूला ठेवा, त्याच बटरमध्ये अर्धा चमचा कुटलेली बडीशेप आणि चिली फ्लेक्स परता, आणि चकत्या अगदी शेवटी सुपात घाला. सुरुवातीपासून उकळत ठेवल्या तर त्या फुगून रबरासारख्या होतात.

कॅम्पात दोराबजीसारख्या दुकानात पोर्क सॉसेजही मिळतात. त्यात कच्चं, बडीशेप घातलेलं सॉसेज हाती लागलं तर प्रश्नच मिटला. वरचं आवरण चिरून काढायचं, आतलं सारण कढईत मोकळं करायचं. मात्र लेबलवर ‘स्मोक्ड’ किंवा ‘कुक्ड’ लिहिलं असेल तर ते वर सांगितलेल्या चिकन सॉसेजच्याच वळणावर जातं.

गोव्याच्या सॉसेजबद्दल, म्हणजे चोरीसबद्दल, मला जरा सविस्तर लिहायचं आहे. पुण्यात गोव्याला जाऊन येणाऱ्यांची कमी नाही, आणि येताना माळ घेऊन येणारे पुष्कळ असतात. व्हिनेगर, सुकी लाल मिरची, लसूण, मसाले, भरपूर मीठ आणि चरबीचे तुकडे. चव जबरदस्त, पण इटालियन सॉसेजच्या जागी ते घातलं तर गणित चुकतं. सूप लालभडक होतं, आंबट होतं, आणि त्या आंबटपणात क्रीम फाटायची भीती असते. बडीशेपेचा सुगंध तर मिरचीखाली हरवूनच जातो.

मग त्याचं काय करायचं? पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या मिन्यो भागात ‘काल्दो व्हेर्दे’ नावाचं सूप आहे. बटाटा शिजवून घोटायचा, त्यात अगदी बारीक चिरलेली हिरवी पानं घालायची, वर शोरिसो या पोर्तुगीज सॉसेजच्या चकत्या. गोव्याचं चोरीस त्याच शोरिसोच्या घराण्यातलं. म्हणून घरात चोरीस असेल तर इटालियन सुपाचा हट्ट सोडा आणि सरळ या वाटेने जा: क्रीम नाही, बडीशेप नाही, घोटलेला बटाटा, पानं आणि वर चार-पाच मणी चोरीस, वेगळं नीट शिजवून घेतलेलं. हे सॉसेज कच्चं असतं, त्यामुळे नुसतं गरम करून भागत नाही. मीठ शेवटी, चव बघूनच घाला. आडवळणाने का होईना, हे सूप मूळ पाककृतीइतकंच चांगलं होतं, आणि मला आवडणारा रस्ता तो हाच.

आता घरचा खिमा. अर्धा किलो खिम्याला प्रमाण असं: मीठ ७ ते ८ ग्रॅम, म्हणजे सपाट सव्वा चहाचा चमचा. जाड बडीशेप दीड चमचा, चिली फ्लेक्स एक चमचा, काळी मिरी अर्धा चमचा, रंगाला काश्मिरी मिरची पूड एक चमचा, चार-पाच लसूण पाकळ्या ठेचून, आणि एक मोठा चमचा रेड वाइन किंवा तेवढंच पाणी घातलेलं थोडं व्हिनेगर. बडीशेप मसाल्याची जाड घ्या, मुखवासाची बारीक लखनवी फार गोडसर पडते. तव्यावर जेमतेम गरम करून खलबत्त्यात दोन-चार घाव घाला. अख्खे दाणे फुटून अर्धे झाले की थांबा. मिक्सरमध्ये पूड केली तर सगळ्या सुपाला एकसारखा बडीशेपेचा वास येतो, आणि मधूनच दाताखाली येणारा तो दाणा, जो या सॉसेजची ओळख आहे, तो हरवतो.

आलं, हळद, गरम मसाला, कोथिंबीर यांतलं काहीही नको. हात सवयीने तिकडे जातो, पण एक चिमूट हळद पडली तरी तो आपला खिमा मसाला होतो. मसाला लावून खिमा फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटतात, खिमा एकमेकांना धरतो, आणि परतताना त्याचा भुगा न होता सुपारीएवढे गोळे राहतात. रात्रभर जमत नसेल तर निदान दोन तास तरी ठेवा.

खिमा कशाचा? डुकराचा मिळाला तर तोच, साधारण चौथा हिस्सा चरबी असलेला. कॅम्प परिसरात पोर्क विकणारी दुकानं आहेत. एकदाच आणि जाडसर दळून द्यायला सांगा. चिकनचा करायचा असेल तर छातीचा नको, तंगडीच्या मांसाचा घ्या, आणि चिकनवाल्याला थोडी कातडीही सोबत दळायला सांगा. तो आश्चर्याने बघेल, पण चरबी तिथूनच यायची आहे. कातडी नको असेल तर दोन मोठे चमचे बटर जास्त घाला. चिकनचं हे सूप डुकराच्या सुपाहून हलकं लागतं, पण तयार सॉसेजपेक्षा कितीतरी सरस. मटणाचा खिमा मात्र मी सुचवणार नाही. त्याचा स्वतःचा वास इतका ठाम असतो की बडीशेप त्याच्यापुढे टिकत नाही, आणि शिजायलाही वेळ लागतो. डुकराचं असो की कोंबडीचं, मांस आतपर्यंत शिजलंच पाहिजे. थर्मामीटर असेल तर डुकराच्या खिम्याला ७१ अंश सेल्सिअस आणि चिकनला ७४, नाहीतर गुलाबी रंग पूर्ण जाईपर्यंत.

घरात शाकाहारी मंडळी असतील तर त्यांच्यासाठी सोया ग्रॅन्युल्सचा नकली खिमा करू नका, असं कळकळीने सांगते. टस्कनीचे लोक इटलीत घेवडा खाणारे म्हणूनच ओळखले जातात, तेव्हा घेवडाच घाला. पांढरा राजमा चालतो. साताऱ्याकडचा, कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा मिळाला तर फारच छान, तो लवकर शिजतो आणि साल जाड लागत नाही. रात्रभर भिजवून, पाणी बदलून, कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवा. अर्धाकच्चा राजमा पोटाला बाधतो. नंतर ऑलिव्ह तेलात बडीशेप, लसूण, चिली फ्लेक्स परतून ती फोडणी सुपावर ओता. हे सूप क्रीमवाल्या सुपापेक्षा मूळ टस्कनीच्या जास्त जवळ जातं.

पानांचं बोलू. केल हल्ली ‘इंग्लिश भाज्या’ विकणाऱ्यांकडे मिळते, पण महाग, आणि नेमकी हवी तेव्हा नसते. बहुतेक जण मग पालक घालतात. पालक दोन मिनिटांत विरघळतो, सूप हिरवट करतो आणि चावायला काही उरत नाही. त्याऐवजी नवलकोलची किंवा फ्लॉवरची कोवळी पानं घ्या. केल, कोबी, फ्लॉवर, नवलकोल ही सगळी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीची झाडं आहेत, फक्त माणसाने कुणाची पानं वाढवली, कुणाचा गड्डा, कुणाचं फूल. त्यामुळे चवीत आणि चिवटपणात ही पानं केलच्या सगळ्यात जवळची. मंडईत सकाळी गेलात तर फ्लॉवरची पानं मोडून बाजूला ढीग घातलेला दिसतो. आतली, फिकट हिरवी, तळहाताएवढी पानं मागून घ्या. मधली जाड शीर काढून टाका, पानं एकावर एक ठेवून गुंडाळी करा आणि बोटभर रुंद पट्ट्या चिरा. पाच-सात मिनिटं उकळली की मऊ होतात, तरी आकार धरून राहतात.

बटाट्याचे दोन प्रकार ओळखता आले की पुरे: चिकट आणि पिठूळ. चिकट बटाट्याच्या चकत्या सुपात शाबूत राहतात, पिठूळ बटाटा विरघळून सुपाला दाटपणा देतो. कुठला कोणता हे बघायचं तर ११ भाग पाण्यात १ भाग मीठ विरघळवा आणि बटाटा सोडा: तळाला गेला तर पिठूळ, तरंगला तर चिकट. मी दोन्ही घेते. चार माणसांना ६०० ग्रॅम, त्यातला एक मोठा पिठूळ बटाटा शिजल्यावर कढईच्या कडेला दाबून घोटायचा. आंबेगावच्या सातगाव पठारावरचा नवा बटाटा बाजारात येतो तेव्हा तो जरूर घ्या, पातळ सालीसकट चिरला तरी चालतो. शीतगृहातला जुना बटाटा कधी कधी गोडूस लागतो, कारण थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते. तसा निघाला तर काही दिवस बाहेर टोपलीत ठेवून मग वापरा.

क्रीमबाबत माझा कल अमूल फ्रेश क्रीमकडे आहे. २५ टक्के स्निग्धांशाचं असतं, परदेशी पाककृतीतल्या हेवी क्रीमपेक्षा पातळ, म्हणून गॅस बंद करून मगच घालायचं, उकळायचं नाही. घरची साय वापरायची तर ताजी, एका दिवसाची, गार दुधात घोटून गाळलेली. साठवलेल्या सायीला आंबूस वास येतो, आणि तो सुपात लपत नाही.

पाण्याऐवजी स्टॉक हवाच. स्टॉक क्यूबमध्ये मीठ मुबलक असतं आणि खिम्यातही आहे, म्हणून क्यूब घेतलात तर पाकिटावर सांगितलेल्या पाण्याला निम्माच क्यूब घाला. त्यापेक्षा चिकनवाल्याकडून पाठ-मान आणून कांदा, मिरी, तमालपत्र घालून कुकरला अर्धा तास लावा; आपण मटणाचं अळणी काढतो तसंच, फक्त हळदीशिवाय. कुकरचं काम तिथे संपतं. सूप मात्र उघड्या भांड्यातच करा, कारण कुकरमध्ये बटाट्याची खीर होते.

बाकी कृती थोडी आहे. जाड बुडाच्या पसरट कढईत खिमा मोठ्या आचेवर पसरवा आणि तीन-चार मिनिटं अजिबात हलवू नका. खालून तपकिरी कवच धरलं की उलटा, मोकळा करून पूर्ण शिजवा आणि बाहेर काढा. उरलेल्या चरबीत एक मोठा कांदा, मग लसूण. सव्वा लिटर स्टॉक ओतून बुडाला चिकटलेलं सगळं उलथन्याने खरवडून घ्या, रंग आणि चव त्यातच आहे. बटाट्याच्या अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या बारा-पंधरा मिनिटं, नंतर पानं, मग खिमा परत, गॅस बंद, १५० मिली क्रीम. बरोबर मऊ पाव नको, बेकरीतला कडक ब्रून पाव घ्या.

उरलेलं सूप दुसऱ्या दिवशी आणखी दाट होतं, तेव्हा गरम करताना थोडं दूध घाला आणि आच मंद ठेवा. डीप फ्रीझरमध्ये मात्र हे सूप ठेवू नका. बटाटा रवाळ होतो, क्रीम फुटतं. ताजा दळून आणलेला खिमा जास्त असेल तर मसाला लावून त्याचे अर्ध्या किलोचे पुडे करून फ्रीझ करा. पुढच्या वेळी आदल्या रात्री पुडा खाली फ्रीजमध्ये उतरवून ठेवला की संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तासाभरात सूप ताटात.