टोसिलिझुमॅब: सव्वा वर्षात 16 सलाइन

मी साताऱ्यात ब्लाऊज शिवते. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसला, म्हणजे सांधे सुजून आखडवणाऱ्या आजाराला, नऊ वर्षं झाली. मेथोट्रेक्सेटची आठवड्याची गोळी घेऊनही सकाळी दोन-दोन तास मूठ मिटायची नाही. सुईत दोरा सून ओवून द्यायची. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी टोसिलिझुमॅब हे सलाइनमधून द्यायचं औषध सुरू केलं.

आधी टीबीची तपासणी, छातीचा एक्स-रे. दबलेला टीबी यानं उठू शकतो, त्यामुळे हे टाळू नका. मग दर चार आठवड्यांनी तासाभराचं सलाइन. किलोला 8 मिलिग्रॅम, माझं वजन 50, म्हणजे 400. औषध फ्रिजमधलं, म्हणून आम्ही बर्फाच्या डब्यातून नेतो. महाग आहे, फार महाग. मुलाच्या पगाराला दर महिन्याला कात्री लागते आणि ते मला टोचतं.

पण गुण आला. तिसऱ्या सलाइननंतर मनगटांची सूज उतरली, सहाव्यानंतर मी स्वतः हुक-काजं करायला लागले.

शरीरात इंटरल्यूकिन-6 नावाचा निरोप्या असतो. तो रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटला की सूज भडकते. हे औषध रिसेप्टरच अडवून धरतं. काही रिसेप्टर पेशीवर असतात, काही रक्तात सुटे फिरतात. हे दोन्ही पकडतं. ओसाका विद्यापीठातल्या तादामित्सु किशिमोतो यांच्या संशोधनातून ते आलं, जपानमध्ये या आजारासाठी 2008 मध्ये मंजूर झालं.

आता जे सांगायला लिहायला बसले ते. सीआरपी म्हणजे अंगात सूज किंवा जंतुसंसर्ग असला की रक्तात वाढणारं प्रथिन. यकृत ते बनवतं ते याच इंटरल्यूकिनच्या सांगण्यावरून. निरोपच पोचला नाही की सीआरपी खाली येतो, मग अंगात जंतू असोत वा नसोत. गेल्या पावसाळ्यात मला खोकला आणि बारीक ताप होता. जवळच्या दवाखान्यात रक्त तपासलं, सीआरपी अगदी नॉर्मल. "काही नाही, व्हायरल आहे," म्हणून घरी पाठवलं. चौथ्या दिवशी धाप लागली. एक्स-रेत न्यूमोनिया निघाला. अँटिबायोटिक पूर्ण होईपर्यंत सलाइन चार आठवडे पुढे गेलं, आणि बोटं पुन्हा आखडली.

कोलेस्टेरॉलही वाढलं, त्याची गोळी सुरू आहे. यकृताच्या आणि पांढऱ्या पेशींच्या तपासण्या ठरल्या वेळी करते. तरीही हे औषध मी सोडणार नाही. पर्समध्ये मात्र चिठ्ठी असते, कुठल्याही डॉक्टरांसमोर आधी तीच ठेवते: "टोसिलिझुमॅब चालू आहे. सीआरपी नॉर्मल दिसला तरी छाती तपासा."