कॅच कॅन पीसीव्हीच्या पाईपवर की ब्रीदरच्या? गोव्यातल्या गाड्यांसाठी तुलना

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या क्रँकच्या कप्प्यात, निसटतोच. त्यात तेलाचे तुषार, न जळलेले इंधन आणि पाण्याची वाफ असते. इंजिन हे सगळे परत इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेण्याच्या वाटेत, ओढून जाळते. कॅच कॅन त्या वाटेत बसतो आणि तेल-पाणी अडवतो.

तो मुळात हवा का, हे इंजिनावर ठरते. स्विफ्ट, वॅगनआर किंवा नेक्सॉनचे टर्बो पेट्रोल ही एमपीएफआय इंजिने आहेत. त्यांत पेट्रोल इनटेक व्हॉल्ववरच फवारले जाते आणि व्हॉल्व धुतले जातात, म्हणून तिथे कॅच कॅनवर पैसे घालू नका. फोक्सवॅगन-स्कोडाचे टीएसआय, ह्युंदाई-कियाचे टी-जीडीआय, मारुतीचे बूस्टरजेट या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाते. व्हॉल्वच्या पाठीवर तेलाची वाफ बसते, भाजते, आणि ती काजळी धुवायला काही उरत नाही. डिझेलमध्ये ईजीआरची (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) काजळी आणि तेल मिळून मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणारी नळी) डांबरासारखा थर धरतो. कॅनचा उपयोग या दोन प्रकारांत आहे.

आता पाईप कुठला? टर्बो पेट्रोलला दोन वाटा असतात. पहिली पीसीव्ही व्हॉल्वमधून (क्रँककेसचा वायू एकाच दिशेने सोडणारी झडप) इनटेक मॅनिफोल्डला जाते. आयडल आणि हलक्या ॲक्सिलरेटरवर मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, तेव्हा वायू इथूनच जातो. दुसरी टॅपेट कव्हरवरून टर्बोच्या तोंडाशी जाणारी ब्रीदरची. टर्बोने दाब धरला की पीसीव्ही बंद होतो आणि सगळा भार हिच्यावर येतो.

पर्वरी-पणजी रोज ये-जा आणि पुलावरची रांग असे चालवणे असेल, तर कॅन पीसीव्हीच्या वाटेवर हवा. दर आठवड्याला चोर्ला किंवा अनमोड घाट चढत असाल, तर ब्रीदरची वाट जास्त तेल टाकते. दोन्ही असेल तर दोन वेगळे कॅन लावा. एकाच कॅनमध्ये दोन्ही वाटा जोडायच्या तर चेक व्हॉल्व लागतातच. ते नसले तर मॅनिफोल्डमधला बूस्ट (टर्बोचा दाब) कॅनमधून ब्रीदरच्या वाटेने उलटा शिरतो आणि क्रँककेसमध्ये दाब चढतो. पीसीव्ही व्हॉल्व काढून टाकला तरी हेच होते, तेव्हा तो जागेवरच राहू द्या आणि कॅन त्याच्या पुढे, मॅनिफोल्डच्या बाजूला बसवा. डिझेलला ही निवड करावी लागत नाही, तिथे फक्त ब्रीदर.

वर छोटा फिल्टर लावून वायू बाहेर सोडणारा कॅनही मिळतो. तो स्वस्त आणि जोडायला सोपा असला तरी घेऊ नका. क्रँककेसचा वायू हवेत सोडणे प्रदूषण नियमांत बसत नाही, केबिनमध्ये तेलाचा वास येतो, आणि एअरफ्लो सेन्सरने मोजलेली हवा बाहेर गेल्याने मिश्रण बिघडते. बंद कॅनच घ्या. आत आडपडदे आणि स्टीलची जाळी असलेला, ३०० ते ५०० मिली मावणारा पुरतो. आतून रिकामा डबा तेलाचे बारीक तुषार अडवत नाही.

बसवताना पहिली चूक पाईपच्या मापात होते. आतला व्यास कंपनीच्या पाईपपेक्षा कमी नको, साधारण १५ ते १९ मिमी असतो, पण मोजूनच घ्या. साधे सिलिकॉन तेल पाझरते, म्हणून तेल सोसणारा नायट्राईल रबराचा जाड पाईप वापरा. पातळ पाईप व्हॅक्यूमवर चपटा होतो. वळण कोंडू देऊ नका, आणि मध्ये झोळ ठेवू नका, कारण तिथे पाणी साचून वाट बुजते. वाट बुजली की दाब वाढून डिपस्टिक वर येते आणि क्रँकचे मागचे ऑइल सील गळू लागते.

कॅन बॉडीवर, स्ट्रट टॉवरजवळ आवळा. टर्बो आणि एक्झॉस्टपासून जितका लांब, तितका थंड, आणि थंड कॅनमध्येच वाफ जास्त उतरते. इंजिन हलते, त्यासाठी पाईपला थोडी ढील द्या. ‘इन’ची बाजू इंजिनाकडे. उलटे जोडले तर वायू पडद्यांना बगल देऊन जातो आणि साचलेले तेलही ओढले जाते. कंपनीचा पाईप कापू नका, काढून जपून ठेवा. काही इंजिनांत पीसीव्हीला बाहेरचा पाईपच नसतो. तिथे त्या मॉडेलची ॲडॉप्टर प्लेट मिळाली तरच हात घाला.

मग इंजिन गरम करून आयडलवर ठेवा. डिपस्टिक काढून नळीवर पातळ पिशवी धरा. ती किंचित आत ओढली गेली तर जोडणी बरोबर. फुगली तर वाट बुजली आहे. आयडल वरखाली होत असेल किंवा पी०१७१ कोड (मिश्रणात हवा जास्त) आला, तर क्लॅम्पपाशी हवा शिरते आहे.

पहिल्यांदा १००० किमीवर उघडून पाहा. जून ते चतुर्थीपर्यंत मात्र दर ५०० किमीला रिकामा करा. दमट हवा आणि इंजिन पुरते न तापणाऱ्या छोट्या फेऱ्या यांमुळे कॅनमध्ये दुधाळ, लोण्यासारखा चिकटा साचतो. कूलंटची पातळी कमी होत नसेल तर हेड गॅस्केटची शंका धरू नका, ते बाष्पाचे पाणी आहे. निघालेले तेल झाकणाच्या बाटलीत भरून गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात द्या. शेताच्या किंवा खाजणाच्या पाण्यात त्याचा थेंबही जाऊ देऊ नका.