दहा रुपयांची चकती: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यात व्हिडिओ आणि ध्वनिकला शिकायला आले तेव्हा चांगला रेकॉर्डर घ्यायचा म्हणून पैसे साठवून आणले होते. ते पैसे खोलीच्या डिपॉझिटमध्ये गेले. आमच्या संस्थेत बावीस विद्यार्थ्यांत मिळून तीन रेकॉर्डर. वहीत नाव लिहायचं आणि आठवडाभर वाट बघायची. दुसऱ्याच महिन्यात सरांनी वर्गात एक पितळी चकती फिरवली आणि म्हणाले, हिचा माईक होतो, करून बघा. त्या शनिवारी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले आणि चार चकत्या घेऊन आले. एक दहा रुपयांना. आज नऊ महिने झाले. चारातली एक बनवतानाच गेली, एक पाण्यात गेली, दोन अजून रोजच्या वापरात आहेत. या काळात माझं जे काही काम झालं त्यातलं निम्मं या दोन चकत्यांवर उभं आहे, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

चकती म्हणजे पिझो डिस्क. घड्याळाच्या अलार्ममध्ये, वाढदिवसाच्या गाणाऱ्या कार्डात असते तीच. २७ मिलिमीटरची पितळेची पातळ थाळी आणि तिच्यावर पांढऱ्या सिरॅमिकचा गोल. हा गोल दाबला, वाकला, थरथरला की त्यात वीज तयार होते. क्युरी बंधूंनी १८८० मध्ये हे स्फटिकांत पाहिलं. गॅसचा टक करणारा लायटरही याच गुणावर चालतो. हवेतला आवाज या माईकला जवळजवळ ऐकूच येत नाही. ज्या वस्तूला चिकटवाल तिच्या अंगातून जाणारी थरथर तेवढी तो ऐकतो, म्हणून कॉन्टॅक्ट माईक. तुम्ही शेजारी उभं राहून बोलत असाल तर नोंद होत नाही, पण टेबलावर नख फिरवलं तर नांगर चालल्यासारखा आवाज येतो.

बनवायला अवघड नाही, फक्त सोल्डरिंग घाईनं करावं लागतं. पांढऱ्या गोलावर चांदीचा पातळ मुलामा असतो. त्यावर सोल्डर गन दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवली की मुलामा सुटतो आणि चकती मेली. माझी पहिली अशीच गेली. केबल शिल्डेडच घ्या. आतली तार पांढऱ्या गोलाला, बाहेरची जाळी पितळेला. मग सगळं एपॉक्सी गोंदानं झाकायचं, नाहीतर बोट लागलं तरी घुंऽऽ असा ५० हर्ट्झचा गुणगुणाट येतो. दोन माईकना जॅक, केबल, एपॉक्सी धरून मला २४० रुपये पडले.

आता खरी अडचण, जी मला कुणी आधी सांगितली नाही आणि जिच्यात माझा महिना गेला. पहिल्या महिन्यातलं माझं सगळं रेकॉर्डिंग पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं होतं. नुसती किरकिर, पोटातला आवाज नाहीच. मला वाटलं दहा रुपयांत एवढंच मिळणार. पण चूक चकतीची नव्हती, मी ती जिथे खुपसत होते त्या सॉकेटची होती. अशा चकतीची धारिता, म्हणजे वीज साठवायची क्षमता, साधारण २० नॅनोफॅरड असते. रेकॉर्डरच्या माईक सॉकेटचा रोध २ किलोओहम धरला तर गणितानं सुमारे ४००० हर्ट्झच्या खालचा आवाज झपाट्यानं गळत जातो. तंबोऱ्यापासून माणसाच्या बोलण्यापर्यंत जवळजवळ सगळं त्याच्या खालीच आहे! तीच चकती १ मेगाओहमच्या इनपुटला लावली, गिटारला असतो तसा, की हीच सीमा ८ हर्ट्झवर येते. म्हणजे कानाला ऐकू येणारं सगळं आत. वर्गातल्या एका मित्रानं नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं एका ट्रान्झिस्टरचं छोटं सर्किट करून दिलं आणि त्या संध्याकाळी मी खोलीच्या खिडकीच्या गजाला चकती लावून रस्ता ऐकला. पीएमपीची बस गेली तेव्हा हेडफोनमध्ये छातीला धक्का बसला. म्हणून सांगते, चकती दहा रुपयांची असली तरी तिच्यापुढचं सर्किट टाळू नका. ते नसेल तर गिटारच्या अँपमधून घ्या.

दोन सावधगिऱ्या. रेकॉर्डरचा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे केबलमधून माईकला मिळणारी वीज, बंद ठेवा. आणि चकतीवर थेट ठोका मारू नका. जोराचा ठोका बसला की तिच्यातून बरेच व्होल्ट एकदम उसळतात, ते पुढच्या सर्किटला सोसतीलच असं नाही.

पावसाळ्यात मी वेडी झाले होते. पत्र्याच्या शेडला चकती लावली की प्रत्येक थेंब वेगळा ऐकू येतो, जवळचा जाड, लांबचा बारीक, आणि सर वाढत गेली की थेंबांची सळसळ होते. तारेचं कुंपण, जिन्याचा कठडा, ट्रान्सफॉर्मर असलेला विजेचा खांब. खांबात १०० हर्ट्झचा सूर असतो, कारण ट्रान्सफॉर्मरचा गाभा विजेच्या एका आवर्तनात दोनदा ताणला जातो. हे वर्गात ऐकलं होतं, पण खांबाला कान लावल्यासारखं ऐकल्यावर खरं वाटलं. पाण्यातला प्रयोग मात्र फसला. एपॉक्सीत बुडवून केलेला माईक आमच्या गावाकडे पंचगंगा नदीत सोडला. बुडबुडे आणि लांबच्या पंपाची घरघर सोडून काही मिळालं नाही, केबल दगडाला घासल्याचा आवाजच जास्त. तिसऱ्या वेळी पाणी आत गेलं. पाण्यासाठी वेगळा, नीट बंद केलेला माईक लागतो, यावर वेळ घालवू नका. चहाच्या पातेल्यालाही लावू नका, गोंद वितळतो.

आता माझ्या मूळ कामाकडे येते. मी इचलकरंजीची. आमच्या घराला लागून शेड आहे, तिच्यात चार साधे यंत्रमाग. पप्पा खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारे. मी त्या आवाजात वाढले आणि तो आवाज मला कधीच नीट ऐकू आला नव्हता, कारण शेडमध्ये उभं राहिलं की नुसती भिंत असते आवाजाची. शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागतं. सेमिस्टरच्या कामासाठी मी आधी संस्थेचा रेकॉर्डर नेला, चांगला स्टिरिओ माईक असलेला. घरी ऐकलं तर एक सलग गडगडाट. चार मागांतला कुठला कुठला, काही कळेना.

मग मागाच्या बिडाच्या सांगाड्यावर चकती लावली, दुहेरी टेपनं आणि वरून कपड्याच्या चिमट्यानं. त्यातून जे आलं ते मी तीन वेळा मागे घेऊन ऐकलं. एका फेरीत वेगवेगळे आवाज होते. धोट्याला, म्हणजे सूत घेऊन इकडून तिकडे पळणाऱ्या तुकड्याला, बसणारा फटका, मग क्षणभर मोकळं, मग धोटा पलीकडच्या पेटीत शिरल्याचा ठोका, आणि शेवटी फणी कापडाला आपटते तो जाड, खोल आवाज. मोजलं तर मिनिटाला जवळपास १५० फेऱ्या, म्हणजे एका फेरीला ०.४ सेकंद. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा, म्हणजे एक फेरी बरोबर १० फ्रेमची! हे लक्षात आल्यापासून माझं सगळं संपादन बदललं. मी दर दहा फ्रेमला कापायला लागले आणि मागाच्या तालावर चित्र आपोआप बसायला लागलं. शटर मात्र १/५० वरच ठेवा, नाहीतर शेडच्या ट्यूबलाइटचे पट्टे चित्रावर सरकताना दिसतात.

चित्र आणि आवाज जुळवताना एक गोष्ट सांभाळा. कॅमेऱ्यापुढे टाळी वाजवायची आपली सवय असते. कॉन्टॅक्ट माईकला टाळी ऐकूच येत नाही. मी पहिल्या दिवशी पंधरा टाळ्या वाजवून आले आणि संगणकावर एकही सापडली नाही. आता शॉटच्या सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर सांगाड्यावर पान्यानं एक टोला देते. शेवटचा टोलाही हवाच, कारण कॅमेऱ्याचं आणि रेकॉर्डरचं घड्याळ तंतोतंत सारखं चालत नाही. चाळीस मिनिटांच्या शॉटमध्ये माझं तीन फ्रेमचं अंतर पडलं होतं.

वर्गात वीस मिनिटांची पहिली जुळणी दाखवली. माझ्या मते फार छान झाली होती. बाईंनी एकच विचारलं, "यात माणसं कुठं आहेत?" त्या रात्री झोप लागली नाही. खरं होतं. हा माईक वस्तूच्या आत जातो, पण त्याला जागा कळत नाही. शेडचा आकार नाही, छताची उंची नाही, कुणाची हाक नाही. आमच्याकडे धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरायला येणाऱ्या मावशी दिवसभर ओठांच्या हालचालीवर एकमेकींशी बोलतात, हसतात, भांडतातसुद्धा. माझ्या कामात त्या नव्हत्याच. हा या माईकचा सगळ्यात मोठा तोटा आहे आणि तो मी पाच महिन्यांनी शिकले. त्यानंतर एकट्या चकतीवर मी काही केलं नाही. एक साधा हवेतला माईक सोबत असतोच, मोबाइलचा असला तरी चालेल.

मध्ये एकदा लाईट गेली. चारही माग थांबले, पंखा थांबला. मी हेडफोन काढणार तेवढ्यात जाणवलं की थरथर चालू आहे. आमच्या फरशीतून, सांगाड्यातून, शेजारच्या शेडचे माग येत होते, त्यांची लाईन वेगळी. अगदी खालच्या पट्टीत, लांबून जेसीबी यावा तसे. लहानपणी जमिनीवर झोपताना हेच मला अंगाला लागायचं आणि मी त्याला झोप म्हणत होते.

वर्गात पिएर शेफेरनं १९४८ मध्ये आगगाडीच्या ध्वनिमुद्रणांपासून केलेली रचना ऐकवली होती आणि जॉन केजनं १९६० मध्ये ग्रामोफोनच्या कार्ट्रिजमध्ये तारा, काड्या खुपसून लहान आवाज मोठे केले त्याबद्दल सांगितलं होतं. परीक्षेत मी दोन्ही लिहिलं. पण हे सगळं माग दुरुस्त करणाऱ्या आमच्या जॉबर काकांना आधीपासून येतं हे मला मार्चमध्ये कळलं. माग बिघडला की ते स्क्रू-ड्रायव्हरचं टोक सांगाड्याला लावतात आणि मूठ कानामागच्या हाडाला. डोळे मिटतात. हवेतला गोंधळ बाजूला राहतो आणि हाडातून त्या एका मागाचा आवाज येतो. मी चकती दाखवली तेव्हा त्यांनी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "म्हंजी माझा पेचकसच की गं."

पप्पांच्या कानांचं बोलायला हवं. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे असं मी अभ्यासात वाचलं, आणि पप्पा तीस वर्षं दिवसाला बारा तास त्या शेडमध्ये आहेत. बारीक आवाज त्यांना आता येत नाहीत. फोनवर आई बोलते, ते मान हलवतात. मला वाटायचं की माझं काम त्यांना कधीच ऐकू येणार नाही. एप्रिलमध्ये घरी गेले तेव्हा हेडफोन त्यांच्या कानाला लावले आणि माझी आवडती चाळीस सेकंदं ऐकवली. त्यात पेटीतल्या ठोक्यानंतर एक छोटा दुसरा ठोका येतो, टक-टक, आणि मला तो ताल इतका आवडला होता की शेवटच्या भागात मी तोच पुन्हापुन्हा वापरला होता.

पप्पांनी हेडफोन हातांनी घट्ट दाबून धरले. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्यो भिंतीकडचा माग न्हवं? उजव्या अंगाचा पिकर गेलाय त्याचा. ऐक की, धोटा परत उडतोय."

जॉबर काकांनी दुसऱ्या दिवशी उघडून बघितलं. पिकरला, म्हणजे धोट्याला फटका देणाऱ्या भागाला, चीर होती. नवा बसवला आणि टक-टक मधला दुसरा टक गेला. मी पुन्हा चाळीस मिनिटं रेकॉर्ड केलं, त्याच जागी, त्याच चिमट्यानं. जूनच्या प्रदर्शनात दोन पडदे असतील आणि दोन स्पीकर. डाव्या बाजूला चीर गेलेला माग, उजव्या बाजूला दुरुस्त केलेला, आणि मधल्या भिंतीवर कांडी भरणाऱ्या मावशींची बोलणी, ओठांवरून वाचून लिहिलेली. ती मला वाचून दाखवायला त्यांनी दोन दुपारी दिल्या.