‘छाया’ गोळी : औषध उत्तम, समजावून सांगणे अपुरे

दुसऱ्या मुलीनंतर आशाताईंच्या सल्ल्याने सुरू केलेल्या ‘छाया’ या गर्भनिरोधक गोळीविषयी माझे मत चांगले आहे. औषध दुकानांत हीच गोळी ‘सहेली’ या नावाने १९९१ पासून मिळते. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत डॉ. नित्या आनंद यांच्या नेतृत्वाखाली हे औषध घडले, ही गोष्ट सोलापुरात फारशी कोणाला ठाऊक नसते.

हिच्यात संप्रेरक (हार्मोन) मुळीच नाही. गर्भाशयाच्या अस्तरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाला धरून घेणाऱ्या ज्या जागा (रिसेप्टर) असतात, तिथे ही गोळी एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशी आधीच बसते. त्यामुळे अस्तर वेळेवर तयार होत नाही आणि फलित बीज रुजत नाही. बीजकोषाचे काम सहसा चालूच राहते. रोजच्या संप्रेरक गोळ्यांनी मला होणारी मळमळ हिने झाली नाही.

औषधाचा निम्मा अंश शरीरात सुमारे आठवडाभर टिकतो, म्हणून आठवड्याला एक गोळी पुरते. मात्र रक्तातले प्रमाण आधी पुरेसे वाढावे लागत असल्याने पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारीच घ्यावी लागते. नेमके हेच नीट सांगितले जात नाही. शेजारच्या विडी वळणाऱ्या बाईंना एका दुकानदाराने पहिल्या दिवसापासूनच ‘आठवड्याला एक’ असे सांगून मोकळे केले होते. आमच्या आशाताईंनी मात्र आठ गोळ्यांच्या पाकिटावर बॉलपेनने ‘र’ आणि ‘बु’ असे लिहून दिले. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी घ्यायची आणि तिच्यावरून दोन वार ठरवायचे, एवढाच हिशेब. गोळी चुकली तर आठवताच घ्यावी आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरावा. सात दिवसांहून अधिक उशीर झाला, तर वेळापत्रक पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते.

उणीव एकच जाणवली : पाळी लांबते. काही जणींना असे होते हे आधी ठाऊक नसेल, तर उगाच जिवाला घोर लागतो. पंधरा दिवसांहून जास्त लांबली, तर मात्र गर्भतपासणी करून घ्यावी. अंगावर पाजणाऱ्या आईला गोळी चालते; पीसीओएस (बीजकोषात लहान लहान गाठी होण्याचा विकार), यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी ती टाळावी. आणि सोलापुरातल्या विडी घरकुलासारख्या विडी कामगारांच्या वस्तीत, जिथे घराघरांत तेलुगू बोलले जाते, तिथे हे दोन वारांचे वेळापत्रक तेलुगूतूनही लिहून द्यायला हवे.